चपल कराचीला गेली होती का?

बंगळुरूत जोडून सुट्टी आली की कारवारकडे जाणाऱ्या गाड्या भरून जातात. रात्री पंचगंगा एक्सप्रेसमध्ये बसायचं आणि सकाळी समुद्र गाठायचा. तिथे रवींद्रनाथ टागोर किनाऱ्यावर ‘आयएनएस चपल’ ही क्षेपणास्त्र नौका उभी आहे. नौदलानं ती २००५ मध्ये सेवेतून काढली आणि पुढच्याच वर्षी तिचं संग्रहालय झालं. पर्यटनाच्या लेखांत आणि व्हिडिओंत तिची ओळख सर्रास एकाच वाक्यात करून दिली जाते: १९७१ च्या युद्धात कराचीवर हल्ला करणारी बोट.

चपल कराचीला गेलेली नाही. ती भारतीय नौदलात दाखल झाली १९७६ मध्ये, आणि कराचीवरचा पहिला हल्ला झाला ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री. म्हणजे युद्ध संपून पाच वर्षं होत आली, तेव्हा कुठे ही बोट आपल्याकडे आली.

दोन तारखा शेजारी ठेवल्या की उलगडणारी ही चूक वर्षानुवर्षं टिकते, याला कारण आहे. विमानवाहू ‘विक्रांत’ कुठल्या साली कुठे होती, याबद्दल असा घोळ होत नाही. लहान बोटी मात्र एकाच आराखड्यावरून डझनांनी बांधल्या जातात आणि ताफ्यानं लढतात. त्यांची नावं आणि क्रमांक नंतर दुसऱ्या बोटींना दिले जातात, आणि जागा अपुरी पडली की कागदपत्रं त्यांचीच आधी रद्दीत जातात. त्यामुळे लहान लढाऊ बोटीचा माग काढताना एक गोष्ट आधी पाहावी लागते. सैन्यानं ती मोजली कशी? नावानं, क्रमांकानं, की नुसती नगावर? ज्या रीतीनं मोजली, त्या रीतीनंच तिचा इतिहास उरतो.

चौकोनी पेटी, गोल नळी

१९७१ च्या पूर्वार्धात सोव्हिएत संघाकडून ‘ओसा’ जातीच्या आठ क्षेपणास्त्र नौका भारतात आल्या: वीर, विद्युत, विजेता, विनाश, निपात, नाशक, निर्भीक आणि निर्घात. प्रत्येकीवर चार क्षेपणास्त्रं. प्रत्येकीचं वजन पावणेदोनशे टनांच्या पुढे. असा बोजा जहाजावरून उचलून पाण्यात सोडू शकेल अशी क्रेन तेव्हा कलकत्ता बंदरात होती, मुंबईत नव्हती. म्हणून बोटी कलकत्त्याला उतरल्या आणि तिथून अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घालून मुंबईला ओढत आणल्या गेल्या. या बोटी मुळात किनारा राखण्यासाठी घडवलेल्या, त्यांचा पल्ला तोकडा. पण मोठ्या जहाजानं काही अंतर ओढून नेलं तर त्या शत्रूच्या बंदरापर्यंतही पोचू शकतात, ही कल्पना या लांबलचक प्रवासातूनच पक्की झाली असं मानलं जातं. बोटींवरचे अधिकारी आणि खलाशी व्लादिवोस्तोकला शिकून आले होते, त्यामुळे रशियन त्यांना येत होती. मोहिमेत बिनतारी संभाषण रशियनमध्ये करून त्यांनी ऐकणाऱ्याला चकवलं, ही गोष्ट नौदलात आजही रंगवून सांगितली जाते.

युद्धानंतर याच घराण्यातल्या सुधारित ‘ओसा-२’ जातीच्या आणखी आठ बोटी आल्या: प्रचंड, प्रलय, प्रताप, प्रबल, चपल, चमक, चातक आणि चराग. दोन्ही तुकड्यांची लांबी-रुंदी सारखी, रंग सारखा, तोफाही सारख्या. छायाचित्रात पाहणाऱ्याला फरक कळत नाही. पण किनाऱ्यावरच्या बोटीसमोर उभं राहिलं, तर तो डोळ्यांनी ओळखता येतो. पहिल्या ओसांवर क्षेपणास्त्रं ठेवायच्या चार मोठ्या चौकोनी पेट्या असत. आतल्या क्षेपणास्त्राचे पंख दोन्ही बाजूंना ताठ पसरलेले, म्हणून पेटीही तेवढीच रुंद. पुढे दुमडणाऱ्या पंखांचं क्षेपणास्त्र निघालं आणि ते गोल नळीत मावू लागलं. ओसा-२ वर अशा चार गोल नळ्या आहेत. चपलवरच्या नळ्या गोल आहेत, आणि १९७१ साली भारताकडे अशा नळ्यांची एकही बोट नव्हती.

नावांचा गोंधळ याच्याही पुढचा आहे. नौदल निवृत्त जहाजाचं नाव मानानं नव्या जहाजाला देतं. १९८७ पासून ‘तारांतुल’ जातीच्या नव्या क्षेपणास्त्र नौका येऊ लागल्या, तेव्हा वीर, निपात, निर्घात, विनाश, विद्युत, नाशक ही नावं पुन्हा समुद्रावर आली. एखादा निवृत्त नौसैनिक ‘मी निपातवर होतो’ म्हणाला, तर कोणती निपात हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तो १९७१ च्या बोटीवर असेल, किंवा तिचं नाव घेतलेल्या दुसऱ्या बोटीवर. बोटीच्या अंगावर रंगवलेला ‘के’ अक्षरानं सुरू होणारा क्रमांकही बोटीबरोबर संपत नाही. तो पुढच्या बोटीला मिळू शकतो. नाव आणि क्रमांक दोन्ही वारशानं फिरतात. बोटीला कायमची चिकटते ती फक्त तारीख.

रडारवरचा ठिपका

तारीख जुळली तरी काम संपत नाही. ‘युद्धात होती’ आणि ‘हल्ल्यात होती’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आठही ओसा १९७१ च्या युद्धात सेवेत होत्या, पण कराचीवर क्षेपणास्त्रं डागली चारच बोटींनी. ४ डिसेंबरच्या ‘ऑपरेशन ट्रायडंट’मध्ये निपात, निर्घात आणि वीर, सोबत ‘किल्तान’ आणि ‘कच्छल’ ही जहाजं, आणि नेतृत्व कमांडर बब्रू भान यादव यांचं. नंतर ८ डिसेंबरच्या रात्री ‘ऑपरेशन पायथन’मध्ये एकटी विनाश, सोबत ‘तलवार’ आणि ‘त्रिशूल’. बाकीच्यांनी राखीव राहण्याचं, गस्तीचं आणि पाठराखणीचं काम केलं. तीही युद्धसेवाच, फक्त तिचं वर्णन वेगळं करायला हवं.

हल्ला करणाऱ्या बोटीच्या नोंदीतही निम्मीच गोष्ट असते. निर्घातनं काय पाहिलं? काळोखात रडारच्या पडद्यावर एक ठिपका, मग क्षेपणास्त्र सुटल्याचा लोळ, आणि थोड्या वेळानं ठिपका नाहीसा. तो ठिपका म्हणजे ‘खैबर’ ही पाकिस्तानी विनाशिका होती, हे कळायला पलीकडचे कागद लागतात. त्या कागदांतही मेख आहे. खैबरच्या खलाशांनी आकाशातून झेपावणारा प्रकाश पाहिला आणि ते विमान समजून त्यावर तोफा डागल्या. जहाजावरून गेलेल्या संदेशात शत्रूच्या विमानानं हल्ला केल्याचं म्हटलं होतं. त्यात दिलेली जागाही चुकीची होती, त्यामुळे बचावाच्या बोटी भलतीकडे शोध घेत राहिल्या. ‘मुहाफिझ’ या सुरुंगशोधक जहाजाला वीरचं क्षेपणास्त्र लागलं, आणि संदेश पाठवण्याइतकीही उसंत मिळाली नाही. ते बुडाल्याचं कराचीला कळलं ते वाचलेल्या खलाशांकडून.

म्हणजे त्याच रात्री, त्याच ठिकाणी लिहिलेला अस्सल कागदही चुकीचा असू शकतो. खैबरचा संदेश एकटा वाचला तर तिथे विमानांचा हल्ला झाला होता असंच लिहावं लागेल. निर्घातची नोंद शेजारी ठेवली की दोन्ही कागदांचा अर्थ लागतो. जुळत नसलेले दोन कागद म्हणजे अडचण खरी, पण बहुतेक वेळा शोधाची वाटही तिथूनच सुटते.

बंगळुरूच्या बोटी

समुद्र नसलेल्या बंगळुरूच्या वाट्यालाही लढाऊ बोटी आल्या आहेत, आणि मोजण्याच्या रीतीनं इतिहास कसा बदलतो हे त्यांच्यावरून नीट दिसतं.

अलसूर तलावाकाठी मद्रास सॅपर्सचं केंद्र आहे. सैन्यात ज्यांना प्रेमानं ‘थंबी’ म्हणतात, ते हे सैनिक. पूल बांधणं, सुरुंग काढणं आणि पायदळाला नदीपार नेणं ही सॅपर्सची कामं. १९४५ मध्ये ब्रह्मदेशात इरावती ओलांडताना सॅपर तुकड्या हल्ल्याच्या होड्या घेऊन पुढे होत्या. १४ फेब्रुवारीला न्यौंगऊजवळ सातव्या भारतीय डिव्हिजननं नदी ओलांडली, तेव्हा कित्येक होड्यांची यंत्रं ऐन पाण्यात बंद पडली, काहींत पाणी शिरलं, काही प्रवाहात भरकटल्या आणि पलीकडच्या मशीनगनच्या टप्प्यात सापडल्या. त्यांतल्या एखाद्या होडीचा माग काढता येईल का? नाही. ती कुठल्याच वहीत एकटी नोंदलेली नाही. भांडारातून अमुक नग मिळाले, अमुक बुडाले, एवढंच. तिचा इतिहास शोधायचा तर तो तुकडीच्या ‘वॉर डायरी’त शोधावा लागतो. आग्नेय आशियातल्या त्या डायऱ्या लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. होडीवर कोण होतं हे कधीकधी कळतं, होडी कोणती होती हे कळत नाही.

त्याच युद्धात शहराच्या दुसऱ्या टोकाला नेमकं उलट चित्र होतं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्यानं डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरूत ‘हिंदुस्तान एअरक्राफ्ट’ सुरू केली. १९४३ मध्ये हा कारखाना अमेरिकी हवाई दलाच्या हाती गेला आणि आशियातल्या युद्धाचं मोठं दुरुस्तीकेंद्र बनला. तिथे ‘कॅटालिना’ही येत. हे विमान बोटीसारख्या पोटावर पाण्यात उतरणारं, मैलोन्‌मैल समुद्रावर गस्त घालणारं. बंगळुरूत त्याला उतरायला पाणी होतं बेळ्ळंदूर तलावाचं. आज फेसामुळे आणि आगीमुळे बातम्यांत येणाऱ्या या तलावात तेव्हा नौकाविमानं उतरत आणि डागडुजीसाठी कारखान्यात नेली जात.

कॅटालिना ही बोट की विमान हा वाद बाजूला ठेवला, तरी कागदांच्या दृष्टीनं ती विमानच होती, आणि तेच तिचं नशीब. ब्रिटिश हवाई दलात प्रत्येक विमानाला स्वतंत्र क्रमांक असे, तो दुसऱ्याला दिला जात नसे. प्रत्येक विमानाचं एक कार्ड असे: कुठल्या तारखेला कुठल्या तुकडीत गेलं, दुरुस्तीला कधी आलं, मोडीत कधी निघालं. त्याशिवाय प्रत्येक स्क्वाड्रनच्या कामगिरी-वहीत उड्डाणागणिक विमानाचा क्रमांक, चमूची नावं, निघण्याची आणि परतण्याची वेळ लिहिलेली सापडते. मद्रासजवळच्या रेड हिल्स तलावावरून उडणाऱ्या २४० स्क्वाड्रनची एखादी कॅटालिना अमुक दिवशी कुठे होती, हे आज ऐंशी वर्षांनीही सांगता येण्याजोगं आहे. इरावतीतली होडी आणि बंगालच्या उपसागरावरची कॅटालिना एकाच युद्धात होत्या. एक नगावर मोजली गेली, दुसरी क्रमांकावर. फरक तिथे पडला.

नौदलाच्या लहान बोटी या दोन टोकांच्या मधे येतात. रॉयल इंडियन नेव्हीच्या मोटर लाँचनी आराकानच्या खाड्यांत पंचावन्नाव्या आणि छपन्नाव्या फ्लोटिलातून मोठी कामगिरी केली. त्यांत ‘फेअरमाइल बी’ जातीच्या लाकडी बोटी होत्या, लांबी ११२ फूट. त्यांना नावं नव्हती, नुसते क्रमांक होते. ब्रिटिश नौदलाच्या मोठ्या जहाजांच्या लॉगबुका क्यूला जपल्या गेल्या, पण त्या युद्धातल्या लहान नौकांच्या बहुतेक लॉगबुका नष्ट करण्यात आल्या. म्हणून लाँचचा माग काढणारा फ्लोटिलाच्या अहवालांवर आणि १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डी. जे. ई. कॉलिन्स यांच्या अधिकृत इतिहासावर विसंबतो. तिथे क्रमांक आला तर आला.

पनवेल, पद्मा आणि पलाश

मराठी वाचकाला जवळची वाटावी अशी गोष्ट १९७१ च्या पूर्व आघाडीवरची आहे. साठच्या दशकाच्या अखेरीस सोव्हिएत संघाकडून घेतलेल्या पाच लहान गस्तीनौकांना नौदलानं किनाऱ्याशी नातं असलेल्या गावांची नावं दिली: पनवेल, पांबन, पुरी, पुलिकत आणि पणजी. डिसेंबर १९७१ मध्ये पनवेल सुंदरबनच्या चिखली नद्यांत होती. तिच्यासोबत ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ या दोन तोफनौका. या दोन्ही मुळात कलकत्ता बंदराच्या सेवेतल्या साध्या बोटी. त्यांच्यावर बोफर्स तोफा बसवल्या गेल्या आणि मुक्तिवाहिनीचे बंगाली नौसैनिक त्यांच्यावर चढले. चौथी बोट सीमा सुरक्षा दलाची, ‘चित्रांगदा’. या चार बोटींच्या ताफ्याचे प्रमुख होते कमांडर मोहन नारायणराव सामंत. ‘करंज’ या पाणबुडीचे ते पहिले कप्तान, आणि पलाशीजवळच्या छावणीत बंगाली नौदल कमांडो घडवण्याच्या गुप्त मोहिमेतही ते होते.

१० डिसेंबरच्या सकाळी ताफा मोंगला बंदरात पोचला आणि तिथून खुलन्याकडे निघाला. बोटी आपल्या आहेत हे वरून कळावं म्हणून त्यांच्यावर पिवळी कापडं पसरली होती. तरीही दुपारच्या सुमारास आलेल्या भारतीय हवाई दलाच्या नॅट विमानांनी पद्मा आणि पलाश यांना शत्रूच्या बोटी समजून हल्ला केला. दोन्ही पेटल्या आणि बुडाल्या. पनवेल वाचली आणि लढत राहिली. सामंत, पनवेलचे कप्तान लेफ्टनंट कमांडर जोसेफ नोरोन्हा आणि लीडिंग सीमन चिमन सिंह या तिघांना महावीरचक्र मिळालं. पलाशवरचे इंजिनरूम आर्टिफिसर रुहुल अमीन यांना बांगलादेशनं ‘बीर श्रेष्ठ’ हा आपला सर्वोच्च सन्मान मरणोत्तर दिला.

आता या तीन बोटींचे कागद कुठे शोधायचे? पनवेल भारतीय नौदलाची नोंदणीकृत नौका, तिचा माग नौदलाच्या दप्तरात आहे. पद्मा आणि पलाश मात्र एका देशाच्या बंदराच्या, दुसऱ्या देशाच्या मुक्तिलढ्याच्या, अधिकारी भारतीय, खलाशी बरेचसे बंगाली. बंदराच्या वहीत त्या कामाच्या बोटी, भारतीय अहवालात मित्रपक्षाच्या तोफनौका, आणि बांगलादेशात नौदलाच्या जन्माची खूण. तीन ठिकाणी तीन ओळखी. मुक्तिवाहिनीशी संबंधित बरीच कागदपत्रं कलकत्त्याच्या पूर्व विभाग मुख्यालयात युद्धानंतर नष्ट केली गेली, अशी बातमी २०१० मध्ये आली होती. अशा वेळी शौर्यपदकांची मानपत्रं, वाचलेल्यांच्या मुलाखती आणि सामंत यांनी संदीप उन्नीथन यांच्याबरोबर लिहिलेलं, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेलं ‘ऑपरेशन एक्स’ हे पुस्तक यांवरच बांधणी करावी लागते.

नावांचं चक्र इथेही फिरलं. २०१३ मध्ये बांगलादेशनं स्वतः बांधलेली एक गस्तीनौका सेवेत घेतली आणि तिला ‘पद्मा’ हे नाव दिलं. ती बांधली गेली खुलना शिपयार्डमध्ये. आणखी पन्नास वर्षांनी कोणी ‘पद्मा’ आणि ‘खुलना’ हे दोनच शब्द धरून शोधायला बसला, तर त्याच्या हाती दोन वेगळ्या बोटींची एक खिचडी लागेल.

माग काढायचा तर

घरातला कोणी लहान बोटीवर होता आणि त्याची हकिगत नीट लावायची आहे, असं बंगळुरूतल्या पुष्कळ कुटुंबांत घडतं. संरक्षण दलांतून निवृत्त होऊन इथे स्थायिक झालेल्यांची संख्या मोठी आहे. सुरुवात बोटीपासून न करता माणसापासून करावी. सेवापुस्तिका किंवा निवृत्तीच्या वेळचा दाखला हाती असेल, तर त्यात नेमणुकीचं ठिकाण आणि तारखा मिळतात. कित्येकदा तिथे बोटीऐवजी किनाऱ्यावरच्या तळाचं नाव दिसतं, कारण लहान बोटींचे खलाशी कागदोपत्री तळावर दाखवले जात. तेव्हा ‘बोटीचं नाव नाही’ म्हणून निराश व्हायचं कारण नाही. तळ आणि तारीख मिळाली की तिथे त्या महिन्यात कुठला ताफा होता हे काढता येतं.

दुसरी पायरी छायाचित्रांची. चेहऱ्यांपेक्षा पाठीमागचं पाहावं: क्रमांक, डोलकाठीची घडण, तोफेची जागा, पेटी चौकोनी की नळी गोल. बोटीची जात कळली की निम्मे पर्याय गळतात.

तिसरी पायरी दोन बाजूंच्या नोंदींची. आपल्या बोटीनं काय केलं हे आपल्याकडे, आणि त्याचा परिणाम काय झाला हे समोरच्याकडे लिहिलेलं असतं. दोन्ही वाचेपर्यंत ‘बुडवलं’ हा शब्द जपून वापरावा.

सरकारी दप्तरांबाबत परिस्थिती थोडी सुधारते आहे. जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयानं युद्धनोंदींबाबत धोरण मंजूर केलं. त्यानुसार वॉर डायऱ्या, मोहिमांचे अहवाल, कामगिरी-वह्या अशी कागदपत्रं तिन्ही दलांनी मंत्रालयाच्या इतिहास विभागाकडे द्यायची आहेत. साधारणपणे पंचवीस वर्षांनी ती खुली व्हावीत, त्याहून जुनी कागदपत्रं तज्ज्ञांनी तपासून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवावीत, असं त्यात म्हटलं आहे. १९७१ ची मुदत या हिशेबानं केव्हाच उलटली. पण जे कागद कधी लिहिलेच गेले नाहीत किंवा जाळून टाकले गेले, ते कुठल्याही धोरणानं परत मिळणार नाहीत. लहान बोटींच्या वाट्याला असे कागद जास्त आले आहेत.

ती उणीव भरून काढणारी माणसं अजून आहेत. १९७१ मध्ये विशीत असलेला खलाशी आज पंच्याहत्तरीच्या आसपास आहे. त्याच्याकडे बसून ‘युद्ध कसं होतं’ असं विचारलं, तर तो आजवर वाचलेलं आणि पाहिलेलंच सांगण्याचा संभव जास्त. त्यापेक्षा बोटीवर कुठल्या बंदरात चढलात, तेव्हा पाऊस होता की थंडी, क्रमांक कोणता होता, शेजारी कुठली बोट बांधलेली असे, कप्तान कोण होते, उतरलात कुठे, असं विचारावं. अशा बारीक प्रश्नांची उत्तरं तपासता येतात, आणि चार उत्तरं कागदांशी जुळली की पाचवं, कुठेच न लिहिलेलं उत्तरही विश्वासानं नोंदवून ठेवता येतं.